‘आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय?



आज मी तुमच्याशी बेंगळुरूच्या हेब्बाळमधून बोलते आहे. विमानतळावरून शहराकडे येताना जो मोठा उड्डाणपूल लागतो आणि कडेला तलाव दिसतो, तेच हेब्बाळ. बऱ्याच जणांना हेब्बाळ म्हणजे ट्रॅफिक एवढंच ठाऊक असतं. पण तुमच्यापैकी कुणाच्या गावी परसात ‘गिरिराज’ कोंबड्या असतील, तर तुमचं हेब्बाळशी नातं आहे. ही कोंबडी इथलीच. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालचं. ते बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा भाग होतं, त्या काळात गिरिराज तयार झाली. आणि त्याच्याही आधी, १९२५ पासून, इथे जनावरांसाठी सिरम आणि लशी तयार करणारी सरकारी संस्था आहे. बुळकांडीनं गुरं मरत होती तेव्हापासून लोक हेब्बाळकडे पाहत आले आहेत.

मी मूळची मिरजेची. शिक्षणानं पशुवैद्य, कामानं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. माझा सगळा दिवस पेट्री डिश, इन्क्युबेटर आणि कोंबड्यांची विष्ठा यांच्या संगतीत जातो. जेवायच्या वेळी हा व्हिडिओ लावला असेल त्यांची आधीच माफी मागते.

आजचा विषय आहे कोंबड्यांमधला साल्मोनेला प्रयोगशाळेत कसा शोधतात. पण पद्धती सांगण्याआधी माझी एक चूक सांगते. ती सांगितली की पद्धती लक्षात राहतील.

नोकरीला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. एका खासगी प्रयोगशाळेत होते, नाव सांगत नाही. एके दिवशी सकाळी निपाणीकडचे एक काका रात्रभर बसनं प्रवास करून आले. मांडीवर थर्मोकोलचा डबा. त्यांच्याकडे दोनशे मोठे गावरान पक्षी आणि अंडी उबवायचं एक छोटं मशीन. पिल्लं तयार करून आसपासच्या गावांतल्या बायकांना विकायचे. गेले दोन लॉट पिल्लांना मर लागली होती. पहिल्या दोन आठवड्यांतच पिल्लं पेंगायची, मागच्या बाजूला पांढरी विष्ठा चिकटून बसायची आणि मरायची. मोठे पक्षी मात्र ठणठणीत. डब्यात त्या मोठ्या पक्ष्यांच्या गुदद्वारातून घेतलेले दहा स्वॅब होते, म्हणजे कापसाचे बोळे लावलेल्या काड्या.

मी तपासणी केली. कागदावर लिहिलं: ‘साल्मोनेला आढळला नाही.’ सही केली, शिक्का मारला. काका खूश होऊन गेले.

तो कागद खोटा नव्हता. मला खरंच साल्मोनेला आढळला नव्हता. पण त्या शेडमध्ये साल्मोनेला होता.

हे कसं झालं ते समजायला आधी नेहमीची पद्धत बघू.

साल्मोनेला हा एक जंतू नाही, मोठं खानदान आहे. अमेरिकेतले पशुवैद्य डॅनियल साल्मन यांच्या नावावरून हे नाव पडलं. प्रत्यक्ष जंतू वेगळा केला त्यांचा सहकारी थिओबाल्ड स्मिथ यानं, १८८५ मध्ये, डुकरांच्या आजारावर काम करताना. साहेबाचं नाव राहिलं, काम करणाऱ्याचं मागे पडलं, हे सगळीकडेच होतं. आज या खानदानातले अडीच हजारांहून जास्त प्रकार माहीत आहेत. बहुतेक प्रकार कोंबडीच्या आतड्यात गुपचूप राहतात, कोंबडीला काही करत नाहीत, पण मांसातून किंवा अंड्यातून आपल्या पोटात गेले तर जुलाब, ताप, उलट्या. दोन प्रकार मात्र उलटे आहेत. पुलोरम आणि गॅलिनारम. हे माणसाला सहसा त्रास देत नाहीत, पण कोंबडीचे वैरी आहेत. पुलोरम अंड्यातूनच आईकडून पिल्लात उतरतो आणि पिल्लांना पांढरी हगवण लागते. गॅलिनारम बहुतेक वेळा मोठ्या पक्ष्यांना मारतो, त्याला कोंबड्यांचा टायफॉइड म्हणतात.

हा फरक मनात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

मांसाच्या नमुन्यात साल्मोनेला शोधायची जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे आयएसओ ६५७९-१. तिच्यात चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, जंतूला सावरू देणं. २५ ग्रॅम मांस घ्यायचं आणि २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये घालायचं. हे साधं पोषक पाणी. ३७ अंशांच्या आसपास साधारण १८ तास ठेवायचं. कारण कत्तलखान्यातल्या थंडीनं, क्लोरीनच्या पाण्यानं जंतू अर्धमेले झालेले असतात. आजारी माणसाला आल्या आल्या भाकरी-ठेचा वाढत नाहीत, आधी पेज देतात. ही पायरी म्हणजे पेज. वेळ वाचवायला ही पायरी गाळली की अर्धमेले जंतू पुढच्या कडक द्रावणात मरतात आणि रिपोर्ट छान स्वच्छ येतो.

दुसरी पायरी, गर्दी हटवणं. त्या पाण्यात आता साल्मोनेलाबरोबर बाकीचे कोट्यवधी जंतूही वाढलेले असतात. त्यातलं थोडंसं पाणी अशा द्रावणात टाकायचं की जिथे इतरांचा जीव घुसमटेल, पण साल्मोनेला तग धरेल. एक द्रावण रॅपापोर्ट-वासिलियाडिस. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर, आंबटपणा थोडा, मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग, आणि तापमान ४१.५ अंश. दुसरं टेट्राथायोनेटचं, ३७ अंशांवर. दोन्हींत २४ तास. दोन द्रावणं घेण्याचं कारण असं की एकात निसटलेला दुसऱ्यात सापडावा.

तिसरी पायरी, ओळख पटवणं. द्रावणातला थेंब एक्सएलडी नावाच्या लाल जेलीवर रेघोट्या मारून पसरायचा, आणि शिवाय दुसऱ्या एका वेगळ्या जेलीवरही. पुन्हा २४ तास. एक्सएलडीवर ई. कोलाय पिवळा दिसतो. साल्मोनेला मात्र लाल ठिपका आणि मधोमध काळा डोळा असा दिसतो. जेलीतली साखर खाऊन संपली की तो लायसिन हे अमिनो आम्ल वापरायला लागतो, त्यानं रंग परत लाल होतो. आणि त्यानं सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या त्या वायूनं, मध्ये काळं होतं.

चौथी पायरी, खात्री. काळा डोळा असणारा प्रत्येक जण साल्मोनेला नसतो. प्रोटियस नावाचा जंतू कधीकधी तसाच दिसून फसवतो. मग युरियाची चाचणी करायची. प्रोटियस युरिया फोडतो आणि नळी गुलाबी होते, साल्मोनेला फोडत नाही. अशा तीन-चार रासायनिक चाचण्या, आणि शेवटी काचेच्या पट्टीवर प्रतिद्रव्याचा थेंब टाकून जंतूच्या गुठळ्या होतात का ते पाहायचं. कोणता प्रकार आहे हे पक्कं करायचं असेल तर तो जंतू राष्ट्रीय केंद्राकडे पाठवतात. माणसांच्या नमुन्यांसाठी कसौलीला, जनावरांच्या नमुन्यांसाठी बरेलीजवळ इज्जतनगरला.

हिशेब करा. ‘नाही’ म्हणायला कमीत कमी तीन दिवस. ‘आहे’ म्हणायला पाच-सहा दिवस. एका दिवसात कुणी कल्चरचा रिपोर्ट दिला तर हात जोडा आणि दुसरी प्रयोगशाळा शोधा.

मग पीसीआर का नको, असं तुम्ही विचाराल. पीसीआर हा शब्द कोविडनं घराघरांत पोचवला. साल्मोनेलासाठी बहुतेक ठिकाणी ‘इन्व्ह-ए’ नावाचं जनुक शोधतात. या खानदानातल्या जवळपास सगळ्यांकडे ते असतं. पीसीआरला काही तास पुरतात. पण विष्ठेतले, रक्तातले काही पदार्थ ही प्रक्रियाच अडवतात, आणि नमुन्यात मोजकेच जंतू असतील तर पीसीआरलाही ते दिसत नाहीत. म्हणून पहिली पायरी, ती पेज, इथेही चुकत नाही. रात्रभर जंतू वाढवायचे आणि दुसऱ्या दिवशी पीसीआर. शिवाय पीसीआर मेलेल्या जंतूचं जनुकही मोजतो आणि हातात जिवंत जंतू देत नाही. जिवंत जंतू नसेल तर कोणतं औषध लागू पडेल, हे तपासता येत नाही. म्हणून पीसीआरनं लवकर चाळायचं आणि कल्चरनं पक्कं करायचं, अशी दोघांची जोडी चांगली.

आता परत काकांच्या डब्याकडे.

आमच्याकडे तेव्हा मुख्यतः मांसाचे आणि खाद्याचे नमुने यायचे. विष्ठेच्या नमुन्यांसाठी आम्ही एक वेगळी, मान्यताप्राप्त जेली वापरायचो. ही जेली अर्धवट घट्ट असते, पातळ खिरीसारखी. तिच्यावर मधोमध थेंब ठेवायचा. साल्मोनेला पोहत पोहत बाहेर पसरतो आणि थेंबाभोवती धुरकट वर्तुळ दिसतं. बाकीचे जंतू जागेवरच अडकतात. विष्ठेतून साल्मोनेला पकडायला फार छान युक्ती आहे.

पण पोहायला हातपाय लागतात. साल्मोनेलाच्या अंगावर केसांसारखे लांब धागे असतात, कशाभिका, त्यांच्या जोरावर तो पोहतो. पुलोरम आणि गॅलिनारम या दोघांना कशाभिका नसतात. ते पोहत नाहीत. अख्ख्या खानदानातले हे दोघे जागेवर बसून राहणारे. आणि मी त्यांना पोहण्याच्या शर्यतीत शोधत होते.

वाईट याचं वाटतं की मला हे माहीत होतं. परीक्षेत प्रश्न आला असता तर मी अचूक उत्तर लिहिलं असतं. पण टेबलावर नमुना आला तेव्हा मी ‘साल्मोनेला शोधा’ एवढंच वाचलं. पिल्लं मरताहेत, पांढरी हगवण आहे, हे काकांनी तोंडानं सांगितलं होतं. ते फॉर्मवर नव्हतं, म्हणून माझ्या डोक्यातही राहिलं नाही.

आणखी दोन गोष्टी मी विचारल्या नाहीत. एक, पक्ष्यांना औषध चालू आहे का? चालू होतं. दुकानदारानं दिलेलं अँटिबायोटिक पाण्यातून चार दिवस जात होतं. औषध चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू दबलेला असतो. दोन, दहाच पक्षी का? समजा कळपात शंभरातले पाच पक्षी जंतू सोडताहेत. दहा पक्षी तपासले तर त्यातला एकही हाती न लागण्याची शक्यता जवळजवळ ६० टक्के. म्हणजे पद्धत कितीही उत्तम असली तरी निम्म्याहून जास्त वेळा मी ‘नाही’ म्हणणार. हीच शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची तर साठ पक्षी तपासायला हवेत. त्यातही असे पक्षी रोज जंतू सोडतात असं नाही. आज सोडतील, उद्या नाही.

पुढे काय झालं? काकांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवला. त्यांना वाटलं, आजार नाही म्हणजे ऊब कमी पडत असणार. नवे बल्ब लावले, खाद्य बदललं, आणि आणखी दोन लॉट काढले. ती पिल्लं पाच-सहा गावांत गेली आणि मेली.

दीड महिन्यानं ते पुन्हा आले. या वेळी डब्यात बर्फावर सात मेलेली पिल्लं. मी शवविच्छेदन केलं, यकृताचा आणि न जिरलेल्या बलकाचा अंश थेट जेलीवर लावला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बारीक, संथ वाढणारे ठिपके होते. पुलोरमचे ठिपके असे लहानखुरेच असतात, काळा डोळाही कधी फिका, कधी नसतोच. हालचाल नाही. ऑर्निथिनची चाचणी होकारार्थी, डल्सिटॉलची नकारार्थी. गॅलिनारममध्ये नेमकं उलटं असतं. पुलोरमच होता.

मग त्यांच्या तालुक्यातल्या पशुवैद्यांना फोन करून मोठ्या पक्ष्यांची रक्ताची चाचणी करायला सांगितलं. ही चाचणी शंभर वर्षांची जुनी आणि फार स्वस्त आहे. पांढऱ्या फरशीवर जांभळ्या रंगाच्या अँटिजनचा एक थेंब, त्यात पक्ष्याच्या पंखाच्या शिरेतलं एक थेंब रक्त, ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं. जांभळ्या गुठळ्या झाल्या तर पक्षी बाधित. शेडमध्येच होते, विजेची गरज नाही. तिलाही मर्यादा आहेत. साधारण चार महिन्यांपेक्षा लहान पक्ष्यांत तिच्यावर भरवसा ठेवू नये. टायफॉइडची लस दिलेल्या पक्ष्यांत गुठळ्या होऊ शकतात. एंटेरिटिडिस या दुसऱ्या प्रकाराची बाधा असेल तरीही होऊ शकतात. पण पुलोरमसाठी पैदाशीचा कळप चाळायला हिच्यासारखी चाचणी नाही. दोनशेपैकी एकवीस पक्ष्यांत गुठळ्या झाल्या.

मी काकांना फोन केला. सगळं सांगितलं. पहिल्या वेळी माझी पद्धत चुकली, हेही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग पयला कागद कशाचा होता म्हणायचा, मॅडम?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फी परत देऊ केली. ते म्हणाले, “फी राहू द्या. पिल्लांचे पैसे मी बायकांना परत दिले, त्यांचे बचत गटाचे पैसे होते. तुमी दुसऱ्या कागदावर तेवढं नीट लिवा.”

असे बाधित पक्षी काढून उरलेल्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करायची, किमान २१ दिवसांच्या अंतरानं लागोपाठ दोन वेळा सगळे स्वच्छ निघेपर्यंत, असा रिवाज आहे. अमेरिकेत १९३५ पासून राष्ट्रीय योजना करून, याच रक्तचाचणीच्या जोरावर, व्यापारी कळपांतून पुलोरम हटवला. पण दोनशेच्या कळपात एकवीस म्हणजे फार झाले. काकांनी सगळा कळप काढला, शेड धुतली, चुना मारला आणि कित्येक महिने रिकामी ठेवली. मग तपासलेल्या कळपातली पिल्लं आणली.

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. पहिला कागद त्यांच्या शेडचा नव्हताच. तो दहा काड्यांचा होता, त्या दिवशीच्या, त्या औषधाखालच्या, आणि मी निवडलेल्या त्या एका पद्धतीचा. पण मी तो असा लिहिला होता की वाचणाऱ्याला तो शेडचा वाटावा.

म्हणून आता माझ्या रिपोर्टमध्ये ‘आढळला नाही’ हे शब्द एकटे नसतात. किती नमुने, कशाचे, कधी घेतलेले, कोणत्या पद्धतीनं तपासले, आणि ही पद्धत कोणत्या प्रकारांसाठी चालत नाही, हे सगळं त्याच ओळीत असतं. आणि फॉर्मवर पहिला प्रश्न असतो: ‘तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे?’

माणसाला अपाय होईल का, हा एक प्रश्न. पिल्लं का मरताहेत, हा दुसरा प्रश्न. दोन्हींसाठी नमुना वेगळा, पद्धत वेगळी.

तुमच्यापैकी जे कोंबड्या पाळतात त्यांनी प्रयोगशाळेत जाताना चार गोष्टी करा. पक्ष्यांना काय होतंय ते तोंडी सांगू नका, फॉर्मवर लिहा. कोणतं औषध कधीपासून चालू आहे ते लिहा, आणि शक्य असेल तर औषधाआधीच नमुना घ्या. पिल्लं मरत असतील तर मोठ्या पक्ष्यांच्या काड्यांवर भागवू नका, ताजी मेलेली पिल्लं दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात, पण गोठू न देता आणा. आणि किती पक्षी तपासायचे ते आधी विचारा. मोठ्या शेडमध्ये बुटांवर कापडी मोजे चढवून लिटरवरून सगळीकडे फिरून त्या मोज्यांची तपासणी करतात. त्यात एका फेरीत अख्ख्या शेडची विष्ठा येते.

आणि जे फक्त खातात त्यांच्यासाठी. आपल्याकडे कोंबडीच्या मांसाचा नियम आहे की २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नसावा. पण पाकिटावरचा तो कागदही त्या २५ ग्रॅमचा असतो, तुमच्या हातातल्या तुकड्याचा नाही. तेव्हा चिकन नळाखाली धुऊ नका, त्यानं शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. कच्च्या मांसाची सुरी-पाट कोशिंबिरीला वापरू नका. आणि आतपर्यंत नीट शिजवा. आपला कोल्हापुरी रस्सा चांगला रटरटवला तर साल्मोनेला त्यात टिकत नाही, याची मी खात्री देते.

काका अजून येतात. वर्षातून एकदा, रात्रीच्या बसनं, थर्मोकोलचा डबा घेऊन. रिपोर्ट हातात दिला की आधी चष्मा लावतात आणि उभ्याउभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मी तोवर थांबते.